बाईकवाला पडला, गर्दी जमली, आणि मी नुसता उभा राहिलो

उभा_प्रवासी

मंडळी, गेल्या मंगळवारची गोष्ट. डोक्यातून जात नाही म्हणून इथे टाकतोय.

सकाळचे सव्वानऊ. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर कांजूरहून विक्रोळीकडे येत होतो, आपल्या स्कूटरवर. रात्रभर भुरभुर पाऊस झालेला. रस्ता धुतला गेला नव्हता, नुसता ओला झाला होता, म्हणजे सगळ्यात वाईट. माझ्यापुढे पन्नासेक मीटरवर एक बाईकवाला, पाठीला सॅक. डावीकडून एक टेम्पो त्याच्या अंगावर आल्यासारखा आत शिरला. याने ब्रेक दाबला, मागचं चाक निसटलं आणि बाईक आडवी होऊन त्याच्यासकट घसरत गेली. टेम्पो निघून गेला. त्याला कळलंच नसेल असंही असू शकतं, मी काही बघितलं नाही असं खोटं कशाला लिहू? नंबर मात्र मी बघितला नाही.

स्कूटर कडेला लावून पोचेपर्यंत सहा-सात जण जमले होते. दोघांनी काखेत हात घालून त्याला उचललं आणि डिव्हायडरला टेकवून बसवलं. एकाने हेल्मेट खेचून काढलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आई गं." कोणीतरी तोंडावर पाणी मारलं, मग तीच बाटली तोंडाला लावली. बाईकचं इंजिन अजून चालू, टाकीतून पेट्रोल ठिबकतंय, आणि मदतीला आलेल्या एका काकांच्या बोटांत पेटती सिगारेट.

त्याचा फोन लांब पडला होता. काच तडकलेली, पण चालू. त्यावर "आई" असं येत होतं. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. कोणी उचलला नाही. मीही नाही.

आणि १०८ ला कोणीतरी लावलाच असेल असं प्रत्येकाला वाटत होतं. दहा मिनिटांनी कळलं की कोणीच लावला नव्हता. मग रिक्षा थांबवली, त्याला आत कोंबलं आणि नेलं.

मी यात काय केलं? काही नाही. सॅक धरून उभा होतो. करायला नेमकं काय हवं होतं, ते जाणकारांनी सांगा. उपदेश नको, खरंच विचारतोय.

घाटकोपरी

निदान थांबलात तरी. मागच्या गाड्या हॉर्न मारत कडेने निघून गेल्या असतील, पैजेवर सांगतो.

मोड_आलेले_मूग

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माझ्या काकांनी २०११ साली एका पडलेल्या मुलाला स्वतःच्या गाडीत घालून नेलं. एका खासगी रुग्णालयाने आधी अनामत भरा म्हणून अडवलं. मग चौकीत चार तास बसवलं, "तुमच्याच गाडीने उडवलं ना?" हा प्रश्न तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारला. पुढे दोन वर्षं कोर्टाच्या तारखा. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, फोन लावायचा आणि सटकायचं. तुम्ही उभे राहिलात हेच खूप झालं.

कॅज्युअल्टीतली_ताई

महापालिकेच्या रुग्णालयात कॅज्युअल्टीला सोळा वर्षं काढली आहेत. नाईट करून आलेय, तेव्हा जरा विस्कळीत लिहीन, सांभाळून घ्या.

उभा_प्रवासी, तुम्हाला वाटतंय की तुम्ही कमी केलंत. मला तुमच्या वर्णनात सगळ्यात जास्त खटकलं ते इतरांनी केलेलं. त्या माणसाला हात लागायला नको होते, आणि सहा-सात जणांचे लागले. आमच्याकडे येणाऱ्या पेशंटचं निम्मं नुकसान रस्त्याने केलेलं असतं आणि थोडं प्रेमाने.

पहिलं काम गाड्या थांबवण्याचं. पडलेल्या माणसाकडे सगळे धावतात, पण मागून साठच्या स्पीडने येणाऱ्या डंपरला हे दिसतं का? एकाने मागे जायचं, येणाऱ्या गाड्यांच्या दिशेने, आणि हात हलवत राहायचं. स्कूटरचे दोन्ही इंडिकेटर चालू करून ती मागे तिरकी लावली तरी चालेल. पावसात तर हे आधी. मदत करणाराच उडाला, अशा दोन केस मी स्वतः घेतल्यात.

मग बाईकची चावी फिरवून इंजिन बंद. सिगारेटवाल्या काकांना हाकला.

मग १०८. हवेत "कोणीतरी फोन करा" ओरडलं की कोणीच करत नाही, तुमच्याकडे तेच झालं. बोट दाखवून सांगायचं, "अहो निळा शर्ट, १०८ ला लावा, लागला की मला सांगा." पोलीस हवे असतील तर ११२. हायवेला "विक्रोळीजवळ" म्हणून उपयोग नाही. कोणती बाजू, ठाण्याकडे जाणारी की मुंबईकडे येणारी, हे आधी सांगा. चुकीच्या बाजूला गाडी आली तर वळून येईपर्यंत वीस मिनिटं जातात. जवळचा पूल, पेट्रोल पंप, फलक. अंधेरी-कुर्ला रोडसारख्या ठिकाणी मेट्रोच्या खांबावरचा नंबर, त्याहून नेमका पत्ता मुंबईत दुसरा नाही. आणि समोरचा म्हणत नाही तोवर फोन ठेवायचा नाही.

आता माणूस. जिथे आहे तिथेच राहू द्या. आग लागलीय किंवा गाड्या थांबतच नाहीत, एवढ्या दोनच कारणांसाठी हलवायचं. एकाने त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसायचं, दोन्ही तळहात कानांच्या बाजूला ठेवून डोकं आहे तसं धरायचं. दाबायचं नाही, सरळ करायला जायचं नाही, नुसतं धरायचं. आणि बोलत राहायचं, "भाऊ, मान हलवू नका, गाडी येतेय." मानेच्या मणक्याला मार असेल तर त्या काखेत हात घालून उचलण्याने माणूस आयुष्यभरासाठी खुर्चीत बसू शकतो. डिव्हायडरला टेकवून बसवणं हे त्यातलंच.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल, ओढणी, काहीही घडी करून जखमेवर दाबायचं आणि दाबून ठेवायचं. भिजलं तर काढायचं नाही, वरून दुसरं ठेवायचं. दर मिनिटाला उचलून "थांबलं का" बघणारे लोक मला स्वप्नात दिसतात. काच, सळई काही घुसलेलं असेल तर उपसायचं नाही. कानातून रक्त येत असेल तर कापूस कोंबायचा नाही.

पाणी नाही. घोटभरही नाही. त्याला ऑपरेशनला घ्यायची वेळ येऊ शकते, भूल देताना उलटी होऊन ती फुफ्फुसात गेली तर दुसरंच होऊन बसतं. अर्धवट शुद्धीत असेल तर आत्ताच श्वासनलिकेत जाईल. ओठ ओले करा, बस.

तिरफळ

ताई, हेल्मेटचं राहिलं. मला तर शाळेपासून माहीत आहे की श्वास मोकळा करायला आधी हेल्मेट काढायचं.

कॅज्युअल्टीतली_ताई

तिरफळ, काढायचं नाही. काच वर करा, श्वास चालू आहे का बघा, तोंडात दात-रक्त-चिखल दिसतंय का बघा. तो बोलतोय, श्वास घेतोय, तर हेल्मेट आम्ही काढू, आमच्याकडे माणसं आहेत त्याला.

श्वासच घेत नाही, किंवा उलटी होऊन आत गुदमरतोय, तेव्हा मात्र काढावंच लागतं. पण दोघांनी. एकजण खालून जबडा आणि मानेचा मागचा भाग दोन्ही हातांनी धरून ठेवणार. दुसरा पट्टा सोडणार, हेल्मेटच्या दोन्ही बाजू बाहेरच्या बाजूला ताणणार आणि हळूहळू सरकवणार, नाक अडकतं तिथे थोडं मागे कलवून. खेचायचं नाही. मग श्वास नसेलच तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटीमीटर खोल. उलटी होत असेल तर डोकं-धड एकत्र, एका ओंडक्यासारखं कुशीवर वळवायचं. तिघं-चौघं लागतात.

आणखी एक. जो उठून उभा राहतो, कपडे झटकतो, "काही झालं नाही हो" म्हणतो, त्याला बाईकवर बसू देऊ नका. हँडल पोटात बसलेलं असतं. असे लोक आमच्याकडे स्वतःच्या पायांनी येतात, केसपेपर काढतात, आणि बाकावर बसल्या बसल्या पांढरे पडतात. आत पोटातली प्लीहा (स्प्लीन) फाटलेली असते.

मुलुंडचा_मीटर

ताईंचं सगळं पटलं. पण मी रिक्षा चालवतो, माझंपण ऐका.

आमच्या रिक्षात माणूस बसतो. झोपत नाही. पब्लिक काय करतं, दोघं आधी आत बसतात, मग तिसऱ्याला त्यांच्या मांडीवर घालतात, पाय बाहेर. मी मागच्या वर्षी ऐरोली नाक्यावरून असा एक नेला. प्रत्येक खड्ड्याला तो असा आवाज काढायचा की मी स्पीड कमी करायचो, आणि मागचे दोघं ओरडायचे, "पळव रे". पळवू की सांभाळू? दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणाला, पाय तुटलेला होता, तो तुम्ही आणखी वाकडा केला. त्या दिवशी गाडी धुण्यात दीड तास गेला, सीटचा फोम फेकावा लागला. पैशाचं काही नाही. पण आपण चांगलं केलं की वाईट, ते अजून समजलेलं नाही.

तिरफळ

मग काय ॲम्ब्युलन्सची वाट बघत मरू द्यायचं? संध्याकाळी सात वाजता जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) ॲम्ब्युलन्स येऊन दाखवा.

कॅज्युअल्टीतली_ताई

भांडू नका. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून तर अवघड आहे.

शुद्धीवर आहे, श्वास ठीक, रक्त दाबल्यावर थांबतंय, तर थांबा. पाय तुटला म्हणून सहसा कोणी अर्ध्या तासात मरत नाही. १०८ च्या मोटारसायकलवाल्या ॲम्ब्युलन्सपण मुंबईत २०१७ पासून आहेत, ट्रॅफिकमधून त्या आधी पोचू शकतात. पण रक्त थांबतच नाही, किंवा शुद्ध हरपत चाललीय आणि १०८ वाले म्हणतायत लांब आहोत, तर मिळेल त्यात टाकून निघा. तेव्हा रिक्षापेक्षा सपाट टेम्पो बरा. तिघा-चौघांनी डोकं-पाठ-कंबर एका रेषेत धरून उचला, आणि एकजण डोकं धरूनच टेम्पोत बसेल. जवळच्या नर्सिंग होममध्ये नको. तिथे मलमपट्टी करून पुढे पाठवतात, तेवढा वेळ गेला. वेस्टर्न हायवेला असाल तर जोगेश्वरीचं ट्रॉमा हॉस्पिटल, इकडे राजावाडी किंवा सायन. मोठ्या हॉस्पिटलचा दरवाजा धरा.

काळा_डगला

मूग यांच्या काकांच्या बाबतीत झालं ते वाईटच, आणि तेव्हा सर्रास होत होतं. पण ती २०११ ची गोष्ट आहे. मार्च २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-ए आलं, आणि २०२० मध्ये त्याचे नियम १६८ व १६९. थोडक्यात, सद्भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत केलीत आणि त्यात काही चुकून माणसाला इजा झाली, दगावला, तरी तुमच्यावर दिवाणी की फौजदारी कारवाई नाही. नाव, पत्ता, फोन द्यायची सक्ती पोलीसही करू शकत नाहीत, रुग्णालयही नाही. पैसे भरायला लावणं, थांबवून ठेवणं, काही नाही. आणि "आधी अनामत" म्हणणाऱ्यांना तर १९८९ चाच परमानंद कटारा निकाल आहे. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवायचे उपचार आधी.

मोड_आलेले_मूग

कागदावर सगळं छान असतं हो. चौकीतल्या हवालदाराला कलम १३४-ए सांगून बघा, मग तो तुम्हाला काय सांगतो ते इथे लिहा.

काळा_डगला

कलम नका सांगू. हवालदाराला कलम शिकवायला गेलात तर मीही तुम्हाला सोडवायला येणार नाही. शांतपणे म्हणा, "साहेब, मी फक्त मदत केली, मला साक्षीदार व्हायचं नाही." दोनदा म्हणा. रुग्णालयाच्या दारात या हक्कांचा फलक मराठीत लावणं बंधनकारक आहे, तो असेल तर त्याच्यासमोर उभं राहून म्हणा. मी स्वतः एकाला असं बाहेर काढलंय, पाच मिनिटांत.

आता वकील म्हणून नव्हे, माणूस म्हणून. गाडीचा नंबर बघितला असेल तर नाव द्या. साक्षीदार स्वखुशीने झालात तर नियम सांगतो की जबाब एकदाच, तुमच्या सोयीच्या वेळी आणि जागी, तुम्हाला कळेल त्या भाषेत, आणि तुमच्या घरी-ऑफिसात यायचं तर पोलीस साध्या कपड्यांत. शपथपत्रावरही चालतं. का सांगतोय? टेम्पोचा नंबर मिळाला तर त्या मुलाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पगार, वय, अपंगत्व बघून भरपाई मिळू शकते. नंबरच नाही, तर हिट अँड रनची ठरावीक रक्कम, गंभीर जखमीला ५० हजार, मृत्यू झाला तर २ लाख. त्या पन्नास हजारांत मांडीतली रॉडसुद्धा बसत नाही. चार आकडे आणि एमएच-०३ का ०४, एवढं लक्षात ठेवणारा माणूस त्या घराचं काय करून जातो, ते मी कोर्टात बघतो.

बाकी उपचारांसाठी मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, नेमलेल्या रुग्णालयांत दीड लाखापर्यंत, अपघातापासून सात दिवस. नातेवाईक हबकलेले असतात, त्यांना हे सांगा. आणि गंभीर जखमीला पहिल्या तासात पोचवणाऱ्याला बक्षीस आहे, २०२१ ला ५,००० होतं, २०२५ मध्ये २५,००० केलं. त्यासाठी अर्थातच नाव द्यावं लागतं.

घाटकोपरी

पंचवीस हजार ऐकून आता हायवेवर स्पर्धा लागेल, आधी कोण उचलतो.

मुलुंडचा_मीटर

तेच तर नको म्हणतायत ना ताई. उचलू नका.

पंक्चर_सोळाशे

वाचनमात्र होतो, पण आता लिहितो. मी तो पडलेला माणूस आहे. म्हणजे तुमचा नाही, दुसरा.

२०१९, जेव्हीएलआर, सप्टेंबर. खणलेल्या रस्त्यावर लोखंडी पत्रे टाकलेले, त्यावरून चाक गेलं. पुढचं एवढंच आठवतं की मी आकाश बघतोय आणि आकाशाच्या कडेने चेहरे येतायत. सगळे एकदम बोलत होते. एकजण माझा बूट काढत होता, का ते त्यालाच ठाऊक.

मग एका बाईंनी माझं डोकं धरलं. त्यांचा चेहरा मी बघितलाच नाही, त्या डोक्याच्या मागे होत्या. हातात काचेच्या बांगड्या होत्या, माझ्या कानाशी त्यांचा आवाज येत होता. आवाज थांबला की मला भीती वाटायची, गेल्या की काय. त्या फक्त एवढंच सांगत होत्या, "आता गाडी आली." "आता पट्टा बांधतायत." "आता तुला उचलणार, दुखेल." मधे एकाने मला बसवायला हात घातला तर त्या असं काही खेकसल्या त्याच्यावर! मानेत एक मणका चिरला होता माझा. सहा आठवडे कॉलर. बस, एवढंच. डॉक्टर म्हणाले, कोणी बसवलं असतं तर वेगळं बोलत असतो.

बाईंचं नाव माहीत नाही. केसपेपरवर "आणणारा" समोर रेघ आहे.

तिरफळ

अंगावर काटा आला. हेल्मेटबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो.

अवांतर: २०२२ पासून मुंबईत मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती सुरू केली, तरी आमच्या सोसायटीत निम्मे लोक ते कोपरात घालून फिरतात. कोपर सुरक्षित आहे सगळ्यांचं.

घाटकोपरी

व्हिडिओवाल्यांचं काय करायचं? सगळा रस्ता शूटिंग करत असतो.

कॅज्युअल्टीतली_ताई

त्यांनाच कामाला लावा. "भाऊ, त्याचा चेहरा नको, गाड्यांचे नंबर आणि रस्ता घ्या." बहुतेक घेतात. पण ग्रुपवर टाकू देऊ नका. एकदा एका आईला आमच्या फोनच्या आधी सोसायटीच्या ग्रुपवरून कळलं होतं. ती आली तेव्हा तिच्या हातात तोच व्हिडिओ चालू होता.

आणि तो वाजणारा फोन. उचलायचा. बोलणं तीन वाक्यांचं, "मी रस्त्यावरून बोलतोय, तुमच्या मुलाला अपघात झालाय, त्याला अमुक रुग्णालयात नेतोय, तिथे या." शुद्धीवर असेल तर तेही सांगा. "सीरियस आहे", "काही खरं नाही" हे नाही. तुम्हाला ते कळत नाही, आणि ती बाई ट्रेनने एकटी येणार असते. फोन लॉक असेल तर आणीबाणीची माहिती लॉक न उघडता दिसते, रक्तगट, घरचा नंबर. तुमच्या फोनवर भरली आहे का ती? नसेल तर धागा बंद करा आणि आधी ते करा.

पाकीट-फोन खिशात ठेवून देऊ नका, पडतात. पोलीस आले की दोघांसमोर त्यांच्या हातात.

पंक्चर_सोळाशे

भरली. बायकोचा नंबर पाठ नव्हता, तो शोधून भरला.

मोड_आलेले_मूग

काकांना हा धागा वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तो मुलगा दर दिवाळीला फोन करतो. आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं.

उभा_प्रवासी, एक विचारू? त्या "आई" वाल्या फोनचं पुढे काय झालं?

उभा_प्रवासी

उशिरा लिहितोय. सगळ्यांचं वाचलं, दोनदा.

फोन मीच उचलून आणला रस्त्यावरून. तेव्हा तो बंद झालेला होता. रिक्षात जो माणूस त्याला धरून बसला होता त्याच्या हातात दिला. कोणत्या हॉस्पिटलला नेताय हे विचारायचं सुचलं नाही, म्हणून आज शोधायला गेलो तरी कुठे जाऊ, हे माहीत नाही. सॅक माझ्याच हातात राहिली होती, ती धावत जाऊन आत टाकली. आत डबा होता बहुतेक, गरम लागला.

रिक्षा निघाली तेव्हा फोन परत वाजायला लागला. त्या माणसाने स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फोन पालथा करून मांडीवर ठेवला.